व्याख्यानाचा हॉल घुमतो, शब्द कळत नाहीत. काय करावं?

अनुजा_क: वाचनालयाचा नवा हॉल ५० × ३३ फूट, उंची १३ फूट. वर स्लॅब, भिंतींना गुळगुळीत प्लास्टर, खाली टाइल्स. ३० माणसं असली की मागच्यांना नुसता आवाज येतो, शब्द कळत नाही. हॉल भरला की बरं असतं. समितीचं म्हणणं, आणखी दोन स्पीकर लावू, नाहीतर भिंतीवर अंड्यांचे ट्रे.

ध्वनिलहरी: दोन्ही नको. स्पीकर वाढवले की घुमणंही तेवढंच वाढतं. ट्रे पातळ पुठ्ठ्याचे, खालचे स्वर शोषतच नाहीत आणि पेटतात चटकन.

आधी हिशोब करा. सॅबिनचं सूत्र: घुमण्याचे सेकंद = ०.१६ × घनफळ ÷ शोषण. तुमचं घनफळ साधारण १५ × १० × ४ = ६०० घनमीटर. सगळे पृष्ठभाग मिळून ५०० चौ.मी.; प्लास्टर-टाइल्स जेमतेम ३ टक्के आवाज शोषतात, म्हणजे शोषण १५. रिकाम्या हॉलमध्ये ६.४ सेकंद! माणशी ०.४ शोषण धरलं तर ३० जणांत साडेतीन, १०० जणांत पावणेदोन. गर्दीत बरं वाटतं ते यामुळेच. भाषणाला एक सेकंदाच्या आसपास हवं.

५० मिमी रॉकवूलचे (दगडी तंतूंची लोकर, घनता घनमीटरला ४८ किलो) कापड चढवलेले पॅनेल ८० चौ.मी. लावा. ३० माणसांतही एक सेकंदावर येईल. ६० छताला, २० मागच्या भिंतीला. छताला चिकटवू नका, ५० मिमी पोकळी सोडून टांगा. खालचे स्वर त्यानेच आटोक्यात येतात. वक्त्याच्या डोक्यावरचं छत मात्र उघडंच राहू द्या. तिथून परतणारा आवाज लगेच पोचतो आणि शब्दाला बळ देतो.

रंधा: कापड घेताना तोंडाला लावून फुंका. हवा आरपार गेली तरच घ्या. रेक्झिन लावलं तर आवाज वरूनच परत फिरतो. पुढे रंगकाम निघालं की पॅनेल आधी उतरवून ठेवा, नाहीतर रंगारी त्यांवरही रोलर फिरवतो आणि छिद्रं बुजतात. स्वस्त पीयू (पॉलियुरेथेन) फोम अजिबात नको, त्याचा धूर विषारी.

अनुजा_क: सध्या निम्मेच पैसे आहेत. थांबावं का?

ध्वनिलहरी: थांबू नका. ४० चौ.मी.मध्येही ३० जणांत दीड सेकंदापर्यंत येतं. मागच्या भिंतीचे २० आधी पूर्ण करा. तिच्यावरून आवाज १५ मीटर जाऊन-येऊन पुढच्या रांगांना जवळपास ९० मिलिसेकंद उशिरा पोचतो. ५० च्या पुढे गेला की शब्दात शब्द मिसळतो. उरलेले २० छताला, मागच्या अर्ध्या भागात.