कोंबड्यांच्या जाळीत गवत कुणी ओतलं? (कळंब्याच्या आपल्या सोसायटीचा ग्रुप)

बंगला ७ वहिनी: नमस्कार मंडळी. लॉनचं कापलेलं गवत पोतंभर आमच्या जाळीत कुणी ओतलं तेवढं सांगा. तांबडी सकाळपासून कोपऱ्यात पंख पाडून बसलीया, गळ्याखालची दाण्याची पिशवी कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट लागतीया, बोट दाबलं की खड्डा तसाच राहतोय

बंगला ३ काका: मीच सांगितलं माळ्याला. हिरवं चांगलं असतंय म्हणून. वाईट हेतू न्हवता.

बंगला ५: आणि कोंबडा पहाटे ४ ला आरवतोय त्याचं काय? मागच्या मीटिंगला पण बोललोय.

बंगला ७ वहिनी: काका हिरवं चांगलंच की, मी पण घालतो. पण पावसानं महिनाभर मशीन फिरलं न्हाई, वीतवीतभर पाती पडल्यात. रुजलेलं गवत कोंबडी चोचीनं तोडून खाती, तुकडा बारीक येतोय. सुटं पातं अख्खंच गिळती, मग आत गुंता होऊन बसतोय, खाली सरकत न्हाई

बंगला ९: तांबडीचा तांबडा रस्सा करायचा असला तर वेळेत कळवा 😄

बंगला ७ वहिनी: भाऊजी, पोरांनी अंड्यातनं काढलेली हाय ती. आज नको.

बंगला ९: सॉरी वहिनी.

बंगला ३ काका: आमच्या गावाकडं कोंबड्या दिवसभर गवतातच असत्यात, कधी काय झालं न्हाई.

बंगला ७ वहिनी: मोकळ्या असत्यात म्हणून काका, खडे पण टिपत्यात. दात न्हाईत त्यांना, पेट्यात, म्हंजे पोटातल्या जाड पिशवीत, खड्यांवरच दळलं जातंय. म्हणून मी जाड वाळूचं घमेलं ठेवलंय. शिंपल्यांचा चुरा वेगळा, तो अंड्याच्या कवचासाठी, विरघळून जातोय

बंगला ५: ४ ला आरवतोय. परत सांगतोय.

सेक्रेटरी: तो विषय रविवारी घेऊ. वहिनी, पुढं कसं करायचं सांगा, माळ्याला तसं सांगतो.

बंगला ७ वहिनी: पहिलं म्हंजे लॉनवर तणनाशक, कीटकनाशक काय मारलं असलं तर एक काडी पण नको. पेट्रोलच्या मशीनचं तेल सांडलेलं नको. गाजर गवत निवडून बाहेर टाका. बोटाच्या पेराएवढं बारीक आणि त्याच दिवसाचं असलं तरच, ओंजळ-दोन ओंजळ, पसरून. ढीग घातला की दुपारपर्यंत आतनं गरम होतोय, हात घालून बघा, मग बुरशी धरती, ती फुप्फुसात जाती. आणि पोट भरायला खाद्यच, गवत नुसतं तोंडी लावायला

बंगला ३ काका: एवढं माहीत न्हवतं बघा. पोतं मीच उचलतो आत्ता.

बंगला ९: डॉक्टरला दाखवली का?

बंगला ७ वहिनी: दाखवून आलो. आज नुसतं पाणी, आणि हलक्या हातानं चोळायचं. उलटी धरून ओकारी काढू नका म्हणाले, श्वासात जाऊन मरती. रात्रीत पिशवी रिकामी व्हायला पायजे, उजाडायला परत बघायचं.

बंगला ५: उजाडायला म्हंजे कोंबडा उठवंलच.

(दुसऱ्या दिवशी, ६:१०)

बंगला ७ वहिनी: निम्मी मऊ पडलीया. शिटली पण. अजून खाद्य घातलं न्हाई.

बंगला ३ काका: जाळी झाडून काढलीया मी, दोन पाती कोपऱ्यात अडकलेली तेवढी बघा.