माजघरासाठी दोन बेज शेडमधली कुठली घ्यावी? मदत हवी आहे

नमस्कार. घर गुहागर तालुक्यात, चिऱ्याचं, आजोबांनी बांधलेलं. दिवाळीनंतर माजघर आणि ओटी रंगवायला काढली. लांबी, प्रायमर झालं आणि रंगावर गाडी अडली आहे. रंगारी सोमवारी डबे आणायला चिपळूणला जाणार, म्हणून घाईने विचारतेय.

पहिली शेड पिवळसर, सुक्या वाळूसारखी. दुसरी करड्याकडे झुकणारी आणि आत किंचित गुलाबी झाक. शेडकार्डावर फरक जेमतेम कळतो. भिंतीवर दोन-दोन फुटांचे चौकोन आखून दोन हात मारून घेतले, तेव्हा खरा घोळ लक्षात आला.

माजघराला खिडकी एकच, उत्तरेची, आणि बाहेर लगेच पोफळी. ऊन आत येतच नाही, येतो तो पानांवरून परतलेला हिरवा उजेड. त्यात दुपारी पहिली शेड चक्क हिरवट दिसते, शेवाळ धरायला लागलेल्या भिंतीसारखी. दुसरी तेव्हा शांत दिसते, तिच्यातला गुलाबी तो हिरवा मारून टाकतो. पण संध्याकाळी ओटीच्या दारातून पश्चिमेचं ऊन लाल कोब्यावर पडतं, त्याची लाली भिंतीवर चढते आणि दुसरी एकदम विटकरी होते. पहिली मात्र त्या अर्ध्या तासात इतकी सुंदर दिसते की मी रोज त्या वेळेला तिथे जाऊन उभी राहते. रात्री 6500 केल्विनच्या, म्हणजे निळसर-पांढऱ्या उजेडाच्या ट्यूबखाली दुसरी राखेसारखी. 3000 चा, पिवळसर उजेडाचा बल्ब लावला तर दोन्ही बऱ्या.

फोटो मुद्दामच टाकत नाही. फोनचा कॅमेरा उजेड आपल्या मनाने सुधारून घेतो, त्यात दोन्ही सारख्याच येतात. मुंबईहून दादा त्या फोटोंवरूनच "कुठलीही घे" म्हणतोय.

आता मुख्य अडचण. त्या खोलीत दिवसभर आई असते. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं बाकी आहे. काल ती चौकोनांसमोर बसली आणि आळीपाळीने एकेक डोळा झाकून बघत होती. म्हणाली, "बाय, ह्या डोळ्याने पहिला रंग पांढुरका दिसतो नि त्या डोळ्याने हळदीचा. खरा कुठला गो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. डाव्याचं ऑपरेशन झालं की तिला सगळंच थोडं निळसर, उजळ दिसेल, हे डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणून माझं मन पिवळसर शेडकडे ओढतंय, पण दुपारचा तो हिरवटपणा डोळ्यांसमोरून जात नाही.

पोफळीच्या सावलीतल्या खोलीत कुणी पिवळसर बेज लावलाय का? वर्षभराने कसा वाटतो? पहिलीच शेड निम्म्या रंगद्रव्याची करून घेतली तर हिरवटपणा कमी होईल, की नुसती फिकी पडेल? आणि माजघरात दुसरी, ओटीवर पहिली असं केलं तर मधल्या दारातून दोन्ही एकदम दिसतील, ते डोळ्यांना खटकेल का? ज्यांनी स्वतः लावलाय त्यांनी जरूर सांगा, रविवार रात्रीपर्यंत वाट बघते.