मदत हवी आहे: १९६७ची फोर्ड मस्टँग, काउलमधून (पुढच्या काचेखालच्या पोकळ पत्र्यातून) पाणी गळतंय

नमस्कार मंडळी, मी मिशिगनला असतो. गेल्या उन्हाळ्यात १९६७ची मस्टँग कूपे घेतली, २८९ घन इंचांचं व्ही-८ इंजिन. कितीतरी वर्षं शेडमध्ये उभी होती. इंजिनाचं टेन्शन नाही. प्लग-पॉइंट बदलले, प्लगच्या वायरी १-५-४-२-६-३-७-८ या सिलिंडर पेटण्याच्या क्रमाने लावल्या आणि गडी धडधडायला लागला. व्हिडिओ कॉलवर आवाज ऐकून बाबांनी तिकडे पुण्यात टाळ्या वाजवल्या!

घोडं अडलंय पत्र्यापाशी. वायपरजवळच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतलं की ड्रायव्हरच्या पायाशी धार लागते. गालिचा उचलला, तर फ्लोअरची चाळण झालेली, स्क्रूड्रायव्हर आरपार जातो. मूळ दुखणं काउलच्या आत आहे. तिथल्या हवेच्या तोंडाची उभी कड गंजून गेलीय आणि हात पोचत नाही.

आता वरचा पत्रा स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके) ड्रिल करून काढावा, की खालून पॅच आणि सीलर मारून भागेल? मला मलमपट्टी नकोय, पुढची वीस वर्षं ही गाडी चालवायचीय.

आधी काउल करावं ना, मग फ्लोअर? या गाडीला वेगळी चासी नाही, त्यामुळे फ्लोअर कापताना बॉडी वाकू नये म्हणून दारांच्या चौकटीत आडव्या पट्ट्या वेल्ड कराव्या लागतील. त्या नेमक्या कुठे लावल्यात तुम्ही? आणि घरच्या ११० व्होल्टच्या मिग वेल्डरवर, ०.६ मिमी तारेने, पत्रा वाकू न देता हे जमतं का?

ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा. गॅरेज गोठायच्या आत काउल उघडायचंय.