वेव्ह हिलची मालकी १८८३ पासून मोजायची का?

धागाकर्ती:
ऑस्ट्रेलियातल्या नॉर्दर्न टेरिटरीत वेव्ह हिल नावाचं गुरांचं मोठं स्टेशन, म्हणजे गुरं पाळायची अफाट चराऊ जागा आहे. त्याची मालकी सांगताना सगळे १८८३ पासून सुरुवात करतात. नॅट ब्युकॅनन गुरं घेऊन आला, मग १९१४ मध्ये इंग्लंडच्या व्हेस्टी कंपनीनं स्टेशन विकत घेतलं. मला ही सुरुवातच चुकीची वाटते. जमीन गुरिंजी लोकांची, म्हणजे तिथल्या मूळ आदिवासींची. पुढे तेच घोड्यावर बसून कंपनीची गुरं राखत राहिले, नाममात्र पैशांवर आणि पीठ-चहा-तंबाखूच्या शिध्यावर. २३ ऑगस्ट १९६६ रोजी गुरिंजींचे नेते व्हिन्सेंट लिंगियारी यांच्यामागे सुमारे दोनशे माणसं बायकामुलांसह काम सोडून निघाली आणि पुढे वॉटी क्रीक या ओढ्याकाठी ठाण मांडून बसली. मग पहिला मालक कोण?

प्रतिसाद १:
असहमत. स्टेशन म्हणजे नुसती जमीन नव्हे. पाण्याची सोय, कुंपणं, शेकडो मैल गुरं हाकत नेणं, हा सगळा धंदा आहे आणि तो गुरं आली तेव्हाच सुरू झाला. १९२४ च्या पुरात वस्ती वाहून गेली, ती कंपनीनं दुसरीकडे पुन्हा उभी केली. शिवाय तो संप मजुरीचा होता. आदिवासी गुराख्यांना गोऱ्यांइतकं वेतन देण्याचा निर्णय त्याच वर्षी, १९६६ च्या मार्चमध्ये झाला होता, पण अंमलबजावणी डिसेंबर १९६८ वर ढकलली, म्हणून लोक चिडले.

धागाकर्ती:
अहो, १९६७ मध्येच त्यांनी गव्हर्नर जनरलकडे अर्ज करून सुमारे ५०० चौरस मैल जमीन परत मागितली. ती नाकारली गेली, तरी ते हलले नाहीत. फक्त मजुरीसाठी कोणी इतकी वर्षं नदीकाठी काढत नाही. आणि कंपनीकडे तरी काय होतं? चराईचा भाडेपट्टा! जमीन सरकारदरबारी सरकारचीच होती.

प्रतिसाद २:
इथे एक गोष्ट राहून जातेय. १६ ऑगस्ट १९७५ ला पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी लिंगियारींच्या ओंजळीत माती ओतली, तो फोटो सर्वांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी गुरिंजींनाही मिळाला तो भाडेपट्टाच, साधारण ३,२०० चौरस किलोमीटरचा. कायमची मालकी १९८६ मध्ये मिळाली. लिंगियारी १९८८ मध्ये वारले.

प्रतिसाद १:
भाडेपट्ट्याचं मान्य. तरी पट्टेदाराची गुंतवणूक खरीच होती आणि ती इतिहासातून पुसू नये, एवढंच म्हणणं आहे.

धागाकर्ती:
पुसू नकाच. पण २०२० मध्ये फेडरल कोर्टानं वेव्ह हिल स्टेशनावर गुरिंजींचा पारंपरिक हक्क मान्य केला. पट्टा चालूच राहिला, गुरंही चरतायत. कोर्टानं हा हक्क नव्यानं बहाल केलेला नाही. तो ब्युकॅननच्या आधीपासून होता, असंच म्हटलंय.