मदत हवी आहे: पक्षाघातानंतर बाबा लगेच दमतात, किती चालवावं?

बाबांना गेल्या महिन्यात पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. आता घरी आहेत. काठी आणि माझा खांदा धरून बाथरूमपर्यंत जातात. उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही, बाहेरून अर्धगोल फिरवत पुढे आणतात, चवडा फरशीवर घासतो. परत येईस्तोवर घामाघूम, मग झोपच. आत्या म्हणते, पडून राहिलं की अंग आखडतं, चालवा. आई म्हणते, झोपू दे. फिटनेस बँड तर दिवसभरात काही केलंच नाही असं दाखवतो! बोलणं अजून अडखळतं, त्यामुळे किती दमले तेही सांगता येत नाही. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू आहे. कोणाला अनुभव किंवा माहिती आहे का?

प्रतिसाद १
फिजिओथेरपिस्ट आहे. बँडवर जाऊ नका. हळू, पाय ओढत चालणाऱ्याची पावलं मनगटावरचा बँड बरीच गाळतो, कॅलरीचा आकडा तर अंदाजपंचेच. मोजायचंच असेल तर धडधाकट पायाच्या घोट्याला बांधून बघा. अशा चालीला त्याच वेगाच्या निरोगी माणसापेक्षा दीडपट-दुप्पट ऊर्जा लागू शकते, आणि झटक्यानंतर दमही कमी झालेला असतो. म्हणजे बाथरूमची फेरी हा त्यांचा व्यायामच आहे, आळस नाही.

बीटा ब्लॉकरमुळे नाडी फारशी वाढत नाही, तेव्हा नाडीवरून श्रम ठरवू नका. कागदावर ० ते १० आकडे मोठे लिहा (० म्हणजे अजिबात दमले नाहीत, १० म्हणजे पार दमले), किती दमले त्यावर बोट ठेवायला सांगा. पाचाच्या आसपास आलं की बसवा. एकदम लांब नेण्यापेक्षा थोडं थोडं, दिवसातून बऱ्याचदा. छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबवून डॉक्टरांना फोन. तोंड वाकडं झालं किंवा नव्याने अशक्तपणा आला तर थेट हॉस्पिटल.

प्रतिसाद २
२०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अ‍ॅव्हर्ट चाचणीत पक्षाघाताचे २१०४ रुग्ण होते. पहिल्या २४ तासांत उठवून भरपूर हालचाल करवलेल्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती उलट थोडी कमी चांगली निघाली. पण ते अगदी सुरुवातीच्या दिवसांबद्दल आहे, आता घरी झोपवून ठेवायला तो आधार नाही. एवढा थकवा औषधांमुळे, नैराश्यामुळे किंवा अपुऱ्या खाण्यामुळेही असू शकतो, डॉक्टरांना विचाराच.

धागाकर्ता
दोघांचे आभार. बँड उजव्याच मनगटावर होता, काढला. आकड्यांचा कागद आज करतो. दुपारची झोप मोडून चालवावं का, की झोप झाल्यावर?

प्रतिसाद १
झोप झाल्यावर. ताजेतवाने असताना पाऊलही नीट पडतं.