वस्तीच्या मागे काळविटांची शिकार : फासे सापडले, रात्री बॅटऱ्या फिरतात. तक्रार नेमकी कशी करायची?

गायरानकाठ :
नाशिक जिल्हा, येवला तालुका, राजापूर-ममदापूर पट्टा. नवीन प्लॉटिंगची तीस-पस्तीस घरं, मागे गायरान आणि त्याच्या पलीकडे वनखात्याची हद्द. ऊन तापलं की काळविटांचे कळप पाण्यासाठी घरांमागच्या शेततळ्यापर्यंत येतात, आणि हे ज्यांना कळायला नको त्यांनाही कळलंय. रात्री उशिरा लाइट बंद केलेली मोटरसायकल, मागे बसलेल्याच्या हातात मोठी बॅटरी, सोबत दोन-तीन कुत्री. एकदोनदा बंदुकीच्या बारासारखा आवाज. कुंपणाच्या फटीत तारेचे फासे लावलेत, ते अजून तिथंच आहेत. एका ठिकाणी रक्त आणि केस पडलेत. शिवाय 'हरणाचं मटण पाहिजे का' असा निरोप वस्तीतल्या एक-दोघांना आलाय.
फोन कुणाला करायचा, पोलिसांना की वनखात्याला? फासे काढून टाकावेत का? मोबाइलवरच्या फोटोंना काही किंमत असते का? पुरावा म्हणून थोडं मटण विकत घेऊन ठेवलं तर?

बीटवाला :
शेवटचा प्रश्न आधी. मटण विकत घेऊ नका. पुराव्यासाठी घेतलं असं सांगायची वेळ तुमच्यावर येईल, कारण ते नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हाच आहे. निरोपाचा स्क्रीनशॉट ठेवा. त्यात नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे. मूळ मेसेज डिलीट करू नका आणि उत्तरही देऊ नका.

फोनचं म्हणाल तर माणसं त्या क्षणी तिथं असतील किंवा आवाज येत असेल तर पहिला ११२, लगेच दुसरा १९२६. १९२६ ही वनविभागाची 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइन. बंदूक असलेल्या टोळीसमोर बीटचा (म्हणजे त्याला नेमून दिलेल्या भागाचा) वनरक्षक बहुतेक वेळा काठी घेऊनच उभा असतो, म्हणून पोलिसांची गाडी सोबत हवीच. फक्त खुणा उरल्या असतील तर १९२६ आणि तुमचं वनपरिक्षेत्र कार्यालय. येवला नाशिक पूर्व वनविभागात येतो. बीटच्या वनरक्षकाचा आणि वनपालाचा नंबर दिवसाउजेडी घेऊन ठेवा, रात्री दोनला शोधत बसू नका.

१९२६ राज्यभराची आहे. 'आमच्या मागच्या गायरानात' असं सांगितलं तर पलीकडच्याला काहीच कळत नाही. जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर, जवळची ठळक खूण (डीपी, पाण्याची टाकी, मंदिर) आणि गुगल मॅपवर बोट दाबून धरल्यावर येणारे अक्षांश-रेखांश द्या. दशांशानंतर पाच आकडे दिले की जागा साधारण मीटरभरात येते, तीनच दिले तर शंभरेक मीटरचा फरक पडतो आणि अंधारात शंभर मीटर म्हणजे दुसरंच शेत. प्राणी जिवंत की मेलेला, माणसं किती, गाडी कोणत्या दिशेला गेली हेही सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

'गायरान महसूलचं आहे, आमच्या हद्दीत येत नाही' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. वन्यजीव संरक्षण कायदा जमिनीच्या मालकीवर अवलंबून नाही. काळवीट जंगलात असो, गायरानात असो की तुमच्या अंगणात, संरक्षण तेच.

फासे काढू नका. हे लोकांना पटत नाही, कारण रात्रीत अजून एक जनावर अडकेल ही भीती खरी असते. पण जागेवरच्या पंचनाम्याशिवाय उपटलेला फास म्हणजे तुमच्या हातातला तारेचा तुकडा, बाकी काही नाही. गाठ कशी मारली, खुंटी कुठे ठोकली, गाठीत केस अडकलेत का, हे सगळं जागेवरच दिसतं. आजच फोन करा आणि पथक येईपर्यंत दोघांनी लांबून लक्ष ठेवा. जनावरं त्या फटीकडे यायला लागली तर बॅटरी मारून, टाळ्या वाजवून वळवता येतात.

बहुतेक फासे मोटरसायकलच्या ब्रेक किंवा क्लचच्या केबलचे नाहीतर जीआय तारेचे असतात. सकाळी तिरप्या उन्हात केबल चमकते, दुपारी डोळ्यासमोर असूनही दिसत नाही. एक सापडला म्हणजे त्याच रेषेत पुढे आणखी असणारच. कुंपण, नाल्याचा काठ, शेततळ्याकडे जाणारी पायवाट अशा ओळीने, तीन-चार मीटर अंतर ठेवून चाला. बाभळीच्या ताज्या तोडलेल्या फांद्या दोन्ही बाजूंना टाकून मध्ये एकच फट ठेवलेली दिसली तर वाऱ्याने पडल्या असं समजू नका. वाट मुद्दाम अरुंद केलेली असते.

रक्त आणि केस पडलेत तिथं दहा पावलांवर दोरी बांधा, कुत्री हाकला. वारा किंवा पाऊस असेल तर पावलांच्या आणि टायरच्या ठशांवर घमेलं पालथं घाला. फोटो तीन अंतरांवरून घ्या : लांबून, ज्यात घर किंवा विजेचा खांब दिसेल, मधून, आणि जवळून, शेजारी फूटपट्टी किंवा दहाचं नाणं ठेवून. जवळचे पन्नास फोटो आणि लांबचा एकही नाही, असंच बहुतेक वेळा होतं. मग तो फोटो कुठल्याही तालुक्यातला असू शकतो.

राडा_नको_पण :
एवढं सगळं करत बसण्यापेक्षा वस्तीतली दहा पोरं काठ्या घेऊन उभी करा. एकदा चोपले की पुन्हा इकडे फिरकणार नाहीत.

बीटवाला :
@राडा_नको_पण, ठासणीची बंदूक असेल तर पहिला छर्रा तुमच्या पोरांनाच. आणि मारहाण केली की तुमच्यावरच गुन्हा दाखल होतो, त्यांचा वकील कोर्टात तेवढंच धरून बसतो. गस्त घालायची असेल तर घरांच्या बाजूला, उजेडात, मोबाइल घेऊन घाला.

आवाजाबद्दल एक : ठासणीच्या बंदुकीचा आवाज जड येतो आणि पुन्हा भरायला वेळ लागतो, त्यामुळे एक बार झाला की बराच वेळ शांतता. पीव्हीसी पाइपची कार्बाइड गन शेतकरी माकडं-पाखरं हाकलायला वापरतात, ती बहुतेक दिवसा आणि वारंवार वाजते. फोनवर आवाज किती आले आणि मध्ये किती वेळ गेला हे सांगा, बंदूक होती की नाही ते पोलीस ठरवतील.

कोर्टपायरी :
कायद्याचं थोडक्यात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२, २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू. काळवीट अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. शिकारीला कलम ९, शिक्षा कलम ५१ : अनुसूची १ साठी किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, आणि दंड किमान २५ हजार. शिकारीच्या व्याख्येत मारणं, विष घालणं, फास लावणं, जाळ्यात पकडणं, हाकारा घालणं आणि यातल्या प्रत्येकाचा प्रयत्नही येतो. म्हणजे रिकामा फाससुद्धा गुन्हाच. 'जनावर मेलंच नाही, मग कशाची तक्रार' हे चालत नाही.

कलम ३९ प्रमाणे शिकार झालेला वन्यप्राणी, त्याचं मांस, शिंग, कातडं ही सरकारी मालमत्ता. अशी वस्तू हातात आली तर ४८ तासांत पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं असतं. रानात सापडलेलं शिंग दिवाणखान्यात लावणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

पोलिसांनी आरोपी पकडले म्हणजे काम झालं असं नाही. या कायद्याखाली कोर्ट दखल घेतं ती कलम ५५ मधल्या अधिकृत अधिकाऱ्याच्या तक्रारीवर, म्हणजे व्यवहारात वनखात्याच्या. त्यामुळे वनगुन्ह्याचा प्राथमिक अहवाल, ज्याला सगळे पी.ओ.आर. म्हणतात, तो नोंदवला का आणि त्याचा नंबर काय, हे विचारा. पोलिसांची स्टेशन डायरी नोंद वेगळी, पी.ओ.आर. वेगळा.

प्रकरणं सुटतात ती मुख्यतः दोन ठिकाणी. एक, पंच. पंचनाम्यावर सही करणारे गावातलेच असतात, दोन-तीन वर्षांनी तारीख लागते आणि पंच फितूर होतात. वस्तीतले नोकरदार, निवृत्त लोक पंच म्हणून उभे राहिले तर फरक पडतो. दोन, मांस नेमकं कशाचं हे सिद्ध होत नाही. आरोपी म्हणतो बोकडाचं आहे, आणि नमुना नीट घेतला नसेल तर त्याचं म्हणणं खोडता येत नाही.

फोटोंचं : भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ (४) प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश किंमत (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक आकडा) लिहावी लागते. म्हणून मूळ फाइल ज्या मोबाइलवर काढली त्यातच ठेवा. कॅमेऱ्याचं लोकेशन आधी चालू करा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि वेळ-जागेची माहिती उडते. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. वस्तीच्या ग्रुपवर मुळीच टाकू नका, तो ग्रुप कोण कोण वाचतंय हे तुम्हाला माहीत नसतं.

ढोरडॉक्टर :
नमुन्यावर थोडं. मांस शिजवलेलं असलं तरी डीएनएवरून जात ओळखता येते, त्यामुळे 'आता रस्सा झालाय, काय उपयोग' म्हणून पथकाने पातेलं सोडून जाऊ नये. कच्चा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवायचा, फॉर्मेलिनमध्ये नाही. फॉर्मेलिनने डीएनए खराब होतो आणि प्रयोगशाळा हात वर करते. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेची लॅकोन्स ही त्यातली जाणती प्रयोगशाळा. हे काम पथकाचं, पण पथक कशात नमुना भरतंय हे पंचाने बघायला हरकत नाही.

मेलेलं जनावर दिसलं की लगेच शिकार म्हणू नका. येवल्याच्या या पट्ट्यात काळविटं भटक्या कुत्र्यांमुळे मरतात, विहिरीत पडतात, रस्त्यावर गाडीखाली येतात. कुत्र्यांनी मारलेल्याच्या मांड्या, पार्श्वभाग आणि पोट वेड्यावाकड्या तऱ्हेने फाडलेलं असतं, पुष्कळ चावे. बिबट्याने मारलेल्याच्या गळ्यावर सुळ्यांची भोकं आणि ओढत नेल्याची लांब खूण. माणसाचं काम असेल तर काप सरळ, कातडं सोलून गुंडाळलेलं, आणि डोकं-खूर-आतडी एकीकडे, बाकीचं गायब. फासाने मेलेल्याच्या मानेवर किंवा पायावर तारेची बारीक, खोल रेघ असते. केस बाजूला केल्याशिवाय दिसत नाही, पण ते तुम्ही करू नका.

जिवंत जनावर फासात असेल तर गर्दी हटवा, हेच निम्मं काम. पाठलाग आणि धडपडीने स्नायू निकामी होतात आणि सुटलेलं काळवीट काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही दगावतं. पथक येईपर्यंत आवाज बंद, मोबाइलचा लाइट बंद. जवळ जाण्याजोगं असेल तरच डोळ्यांवर कापड टाका, शिंगांच्या समोरून जाऊ नका. छातीवर बसलेल्या स्थितीत, मान वर राहील असं ठेवा, आडवं लोळवलं तर पोट फुगतं. तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. तार कापावीच लागली तर खुंटीकडून कापा, गाठ शाबूत राहिली पाहिजे. साध्या पकडीने केबलचे तंतू फक्त पिंजतात, चांगला केबल कटर लागतो.

गवतात एकटं बसलेलं पाडस दिसलं तर उचलू नका. आई त्याला लपवून चरायला गेलेली असते.

गायरानकाठ :
आभारी आहे. १९२६ ला कळवलं, तक्रार क्रमांक मिळाला, सकाळी पंचनाम्याला येतो म्हणालेत. अजून एक : शेततळ्याच्या बाजूला मक्याभोवती जमिनीपासून फूट-दीड फुटावर उघडी तार ओढलीय, खुंट्यांवर प्लास्टिकच्या बाटल्यांचे तुकडे. झटका मशीन असेल का?

डीपीखालचा :
तिकडे मुलांना जाऊ देऊ नका आणि तुम्हीही हात लावू नका. झटका मशीन बॅटरी किंवा सोलरवर चालतं. साधारण सेकंदाला एक याप्रमाणे अगदी क्षणभराचा झटका देतं, जवळ गेलं की टिक-टिक ऐकू येतं, बहुतेक वेळा पिवळी पाटीही असते. खुंट्यांवर बाटल्यांचे तुकडे, पाटी नाही, टिक-टिक नाही, आणि तारेचं टोक शेतातल्या मोटरच्या पेटीकडे किंवा वरच्या लाइनकडे जातंय, तर तो थेट २३० व्होल्टचा प्रवाह समजा. त्यात काळवीटही मरतं आणि पहाटे पाणी भरायला निघालेला माणूसही. दिवसा तार मेलेली वाटली म्हणून विश्वास ठेवू नका. शेतीची थ्री फेज ज्या आठवड्यात रात्रपाळीला असते तेव्हा ती फक्त रात्री जिवंत होते.

टेस्टर लावून बघायला जाऊ नका, जमीन ओली असेल तर तारेजवळ उभं राहणंही धोक्याचं. महावितरणचा १९१२ लावा, डीपीचा नंबर सांगा (खांबावर रंगवलेला असतो) आणि पुरवठा बंद करून तपासणी मागा. आकडा टाकला असेल तर विद्युत अधिनियम २००३ चं कलम १३५ लागतं, वीजचोरीचं. हीच तक्रार १९२६ लाही द्या आणि आधीच्या तक्रार क्रमांकाचा उल्लेख करा, म्हणजे सकाळचं पथक तिथंही जाईल. पुरवठा बंद झाल्याचं लाइनमनने जागेवर येऊन सांगेपर्यंत वनरक्षकालाही त्या तारेपाशी जाऊ देऊ नका.

बीटवाला :
आणि त्या मक्यावाल्याशी भांडण उकरू नका. काळविटांनी पीक खाल्लं असेल तर नुकसानभरपाई मिळते, त्यासाठी तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्यावा लागतो. खूप जणांना हे माहीतच नसतं. सकाळी वनपाल येतील तेव्हा त्यालाही बोलवा, अर्ज तिथंच भरून घेता येईल.