लॉकची मोटर बदलण्याआधी वायर बघा

मालवाहू व्हॅनच्या मागच्या दाराचं सेंट्रल लॉक कधी चालतं, कधी नाही, म्हणजे लॉकची मोटर गेली, असं या चर्चेत दोघांनी लिहिलंय. मोटर जातेही, नाही असं नाही. पण व्हॅनचं ते दार दिवसातून तीस-चाळीस वेळा उघडतं, घरच्या गाडीचं उघडत नाही इतकं. बिजागरीपाशी रबरी नळीतून दारात शिरणाऱ्या वायरी तेवढ्याच वेळा वाकतात, आणि आतली तांब्याची तार तुटते. वरचं प्लास्टिक मात्र शाबूत असतं, म्हणून नुसतं पाहून काही कळत नाही. मीही आधी मोटरच बदलली होती. पैसे गेले, तक्रार तशीच. शेवटी नळी मागे सरकवून एकेक वायर हलकेच ओढली, तेव्हा एक रबरासारखी ताणली गेली. आत तार नव्हतीच! लॉकबरोबर नंबर प्लेटचा दिवा किंवा मागचा वायपरही रुसला असेल, तर संशय आधी त्या नळीवर घ्या; बहुतेक वेळा अर्थिंगची, म्हणजे या सगळ्यांचा करंट परत नेणारी सामाईक वायर तुटलेली निघते.

जोडताना पीळ देऊन टेप गुंडाळू नका, आणि वायर वाकते त्याच जागी सोल्डरही (कथील वितळवून केलेला जोड) नको. सोल्डर केलेला भाग ताठ होतो, मग तार त्याच्या कडेलाच पुन्हा तुटते. बारीक धाग्यांच्या लवचिक वायरचा लांब तुकडा घालून दोन्ही जोड वाकणाऱ्या भागाबाहेर घ्या. सरकत्या दारालाही हेच लागू, फक्त तिथली वायर शोधताना जास्त घाम निघतो.